सातव्या कागदावरचा जिना

१

सोमवारी सकाळी सात वाजता झाडलोट करणारी स्ताना आपल्या किल्लीने ड्रॉइंग हॉलचं दार उघडून आत गेली आणि किंचाळत उलट्या पावली बाहेर आली. कोणी मेलंय की काय म्हणून शेजारच्या खोल्यांतली माणसं धावली. मेलं कोणी नव्हतं. पण हॉलच्या समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. नदीकडची एक आणि अंगणाकडची एक.

बेलग्रेडमध्ये याला लहानसहान गोष्ट म्हणत नाहीत. एक खिडकी उघडी चालते. दोन उघडल्या की आरपार वारा, आणि आरपार वाऱ्याने मान धरते, कंबर जाते, दातांत कळ येते हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्यात फेब्रुवारी महिना, आणि तीन दिवस कोशावा सुटलेला. हा वारा नदीवरून येतो आणि माणसाच्या टोपीशी त्याचं जुनं वैर आहे. हॉलभर नकाशांचे कागद पसरले होते. कोणी आत पाऊल टाकेना.

"आधी खिडक्या लावा! नाहीतर न्यूमोनियाने मरू सगळे," कोणीतरी ओरडलं.

"तुम्हीच लावा ना, एवढे शूर आहात तर," स्ताना म्हणाली.

शेवटी खिडक्या लावल्या त्या पेर्सिदाने. पेर्सिदा वुकेलिच या वास्तुरचना कार्यालयात बावीस वर्षं नकाशे तपासत होती. बाहेर जाणारा प्रत्येक कागद ती उजेडासमोर धरायची आणि चूक काढायची. लोक म्हणायचे, हिला चुका काढायचाच पगार मिळतो, आणि ते खरंही होतं. तिने ओव्हरकोट न काढताच गुडघ्यांवर बसून कागद गोळा केले. नऊ असायला हवे होते. आठ भरले. तिने पुन्हा मोजले.

सातवा नव्हता.

मग ती उठली आणि तिला दुसरी गोष्ट दिसली. कोपऱ्यातल्या कॉपी मशीनचं झाकण काढलेलं होतं आणि मशीनवर हॉलची किल्ली पडली होती. खाली दारवानाच्या खिळ्याला टांगलेली असते तीच, सगळ्यांची. हॉलच्या दाराचं कुलूप ओढलं की आपोआप बसतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. स्तानाने ते उघडलं तेव्हा ते पक्कं बंद होतं.

म्हणजे दार बंद, किल्ली आत आणि माणूस गायब.

२

सातवा कागद म्हणजे काही एक सुटा नकाशा नव्हता. नदीपलीकडे नव्या बेलग्रेडात एका नौकानयन कंपनीचं मुख्यालय व्हायचं होतं, सोळाशे कारकुनांचं. त्याच्या स्पर्धेसाठी नकाशे देण्याची मुदत आज दुपारी दोनची. सातव्या कागदावर होता तो मजला जो अकरा वेळा एकावर एक चढणार होता. कोणाचं टेबल कुठे, उजेड कुठून, लिफ्ट कुठे, जिना कुठे. तो नसला की बाकीचे आठ कागद रद्दीत जाणार.

आणि ही इमारत तिहोमिर ओब्रादोविचची होती. तिहोमिर ऑक्टोबरमध्ये वारला. शेवटचे दोन महिने त्याने हॉस्पिटलात मांडीवर फळी घेऊन हे काम केलं. पेर्सिदाचं टेबल नदीकडच्या खिडकीशी होतं. तिथून पलीकडचा तो रिकामा भूखंड दिसायचा, चिखल आणि वर कावळे. तिथे ती इमारत उभी राहिली तर रोज सकाळी कोट टांगताना ती तिच्या नजरेस पडणार होती. त्या माणसाकडून आयुष्यात तिला आणखी काही मिळायचं राहिलं असेल तर एवढंच, आणि ते आज दोन वाजता जाणार की राहणार ते ठरायचं होतं.

डायरेक्टर कपाळाला हात लावून आला. "पोलीस नकोत. ते आले की खोलीला सील ठोकतील, आणि दोन वाजले की बसा बोंबलत. पेर्सिदा, तू चुका शोधतेस ना? ही शोध."

"काल रविवारी कोण आलं होतं?"

दारवानाने बोटं मोजली. मॉडेल बनवणारा आणि कॉपी मशीन चालवणारा गावरिलो. तरुण वास्तुविशारद स्लावेन्का. आणि तिहोमिरच्या जागी आलेला वोयिन मातिच. तिघंही दुपारी आले, एकेकटे गेले. किल्ली खिळ्यावरून कोणी नेली ते त्याने पाहिलं नव्हतं, कारण रेडिओवर फुटबॉल लागला होता.

गावरिलो तळघरात इमारतीच्या छोट्या प्रतिकृतीला शेवटची पुठ्ठ्याची झाडं चिकटवत होता. पेर्सिदाला पाहून त्याने आधी कॉफी उकळायला ठेवली, कारण कॉफीशिवाय चौकशी म्हणजे त्याच्या मते अपमान.

"काका, मशीनचं झाकण कोणी काढलं?"

"मी नाही. शनिवारी पुसून, झाकून ठेवलं होतं लेकरासारखं."

"आणि खिडक्या?"

"पेर्साताई, मशीन चाललं की अमोनियाचा वास सुटतो, डोळ्यांतून पाणी काढणारा. त्यावर वीस वर्षांचा माझा उपाय आहे. एक खिडकी बोटभर उघडायची आणि मशीनशेजारी व्हिनेगरची बशी ठेवायची. पण दोन खिडक्या? माझ्या आईने मला शहाणा जन्माला घातलाय." त्याने आवाज खाली आणला. "त्या जर्मनाळलेल्या पोरीला विचारा. स्टुटगार्टला दोन वर्षं होती. ते लोक भर हिवाळ्यात घर उघडं टाकून समोर उभे राहतात म्हणे. मुद्दाम!"

एव्हाना सगळं कार्यालय हेच बोलत होतं. दोन खिडक्या म्हणजे स्लावेन्का.

३

स्लावेन्का आधीच निळ्या छापील नकाशावरून सातवा कागद नव्याने काढायला बसली होती. तिचे डोळे लाल होते.

"जमेल?" पेर्सिदाने विचारलं.

"बारा तास लागतील. आपल्याकडे पाच आहेत." तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, सगळे माझ्याकडे कसे बघतायत पाहिलंत? मी रोज सकाळी खिडक्या उघडते हे खरं. पण पाच मिनिटांत लावते, आणि कागदांवर वजनं ठेवून उघडते. आणि तिहोमिरसरांचा कागद मी कशाला नेईन? त्यांची पत्रं आहेत माझ्याकडे, ड्रॉवर भरून. आधीच तो जिना माझ्या माथी मारलाय सगळ्यांनी."

जिन्याची गोष्ट कार्यालयात सगळ्यांना पाठ होती. तिहोमिर आणि वोयिन पंधरा वर्षं जिन्यावरून भांडले. तिहोमिर म्हणायचा, कचेरीत जिना लिफ्टशेजारी मधोमध, भिंतीत बंद हवा, आतड्यांसारखा. वोयिन म्हणायचा, जिना दोन्ही टोकांना काचेत हवा. माणूस दिवसभर कागदांत मान घालतो, निदान चढता-उतरता त्याला नदी दिसू दे. दर इमारतीत तिहोमिर जिंकायचा. आणि या शेवटच्या इमारतीत जिने टोकांना होते, उजेडात. सगळे धरून चालले होते की तिहोमिर गेल्यावर डायरेक्टरने स्लावेन्काकडून ते बदलून घेतले. डायरेक्टरही कोणी विचारलं की मिशीत हसायचा.

"मी त्या कागदाला हात लावलेला नाही," स्लावेन्का म्हणाली. "हॉस्पिटलातून आला तसाच आहे. पण ऐकतो कोण?"

पेर्सिदाने पेन उचलून तिच्या हातात दिलं. ती तिसऱ्या खोलीकडे वळली.

वोयिन मातिच टाइप केलेलं टिपण तपासत होता. पन्नाशीचा, उंच, गळ्यात मफलर. वळून बघताना त्याने अख्खं अंग वळवलं.

"मानेला काय झालं?"

"उशी," तो म्हणाला. "वाईट झोपलो."

"काल हॉलमध्ये गेला होतास?"

"मी इथेच होतो, टिपण लिहीत. सातवा कागद शनिवारी तुझ्याकडून घेतला होता, जिन्याची मापं बघून सही करायला. तासाभरात परत दिला. तूच कपाटात ठेवलास."

"त्याआधी मूळ कागद कधी पाहिला होतास?"

"नाही. छापील नकाशावरच भागत होतं." तो थांबला. मग दुसऱ्याच आवाजात म्हणाला, "पेर्सा, तू दर गुरुवारी हॉस्पिटलात जायचीस. शेवटी काही बोलला का तो? म्हणजे... कामाबद्दल. कोणाबद्दल."

"फार थकले होते," पेर्सिदा म्हणाली. तिने समोरचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता, आणि तिचाही नव्हता.

बाहेर येऊन ती पॅसेजमध्ये जरा उभी राहिली. दहा वाजून गेले होते. तिला काही सुचत नव्हतं. मग तिने असं काही ठरवलं की जे ऐकून स्तानाने छातीवर क्रूसाची खूण केली.

४

"पुन्हा उघडायच्या? दोन्ही?" डायरेक्टर म्हणाला. "पेर्सिदा, मला लहान मुलं आहेत!"

"ज्याला भीती वाटते त्याने पॅसेजमध्ये उभं राहावं."

सगळेच पॅसेजमध्ये गेले. मफलर कानांवर ओढून, कॉलर वर करून दाराआडून डोकावत राहिले. वोयिन सगळ्यांत मागे होता. स्लावेन्का तेवढी आत खिडकीशी उभी राहिली आणि हवा छान आहे म्हणाली. लोकांनी माना हलवल्या.

पेर्सिदाने मशीनशेजारी सातव्या कागदाच्या मापाचा एक कोरा ट्रेसिंग पेपर ठेवला आणि खिडक्या उघडून स्वतः दारात येऊन थांबली. आधी काहीच झालं नाही. मग नदीवरून कोशावाचा झोत आला. कागद उठला, पोट फुगवून छतापर्यंत गेला, नकाशांच्या उंच कपाटावर आपटला आणि कपाटामागच्या फटीत दिसेनासा झाला.

"तिथे!" पेर्सिदा म्हणाली आणि मागे सरकली. त्याच क्षणी दुसरा झोत आला आणि तिच्या नाकासमोर दार धाडकन बंद झालं.

कुलूप बसल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोणाच्याही हातात किल्ली नव्हती. स्तानाची किल्ली बादलीत होती आणि बादली आत. अकरा माणसं गारठलेल्या पॅसेजमध्ये एका बंद दाराकडे बघत उभी होती, आणि मग पेर्सिदाला हसू फुटलं. गेल्या चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती.

"घ्या. बंद खोली, किल्ली आत, आणि आपण सगळे बाहेर. भूतही नको, चोरवाटही नको."

स्लावेन्काने आतून दार उघडलं. चौघांनी मिळून कपाट ओढलं. मागे धूळ होती, कंगवा होता, पेर्सिदाचा आत्ताचा कोरा कागद होता, आणि त्याच्याखाली आणखी एक. सातवा!

डायरेक्टरने टाळ्या पिटल्या. "सापडला! वारा घेऊन गेला होता. वाराच चोर!"

पेर्सिदाने कागद उजेडासमोर धरला. मग नाकाशी नेला. तो तपकिरी झाक असलेला पारदर्शक कागद होता आणि त्याला अमोनियाचा वास होता.

"हा तो नाही," ती म्हणाली. "ही त्याची कॉपी आहे."

५

साडेबारा वाजता ती आपल्या टेबलाशी एकटी बसली. बाकीच्यांना तिने जेवायला पिटाळलं होतं. समोर कॉपी पसरलेली होती. रेघ न् रेघ बरोबर. स्पर्धेलाही चालली असती. नियम एवढाच होता की कागद पारदर्शक हवा आणि त्यावर जबाबदार वास्तुविशारदाची, म्हणजे आता तिहोमिरच्या जागी असलेल्याची, शाईची सही हवी. कॉपीत सहीची छाया होती, शाई नव्हती.

चोराने रविवारी मशीन चालवलं. वास सुटला. सोमवारी पेर्सिदाच्या नाकाला तो कळणार हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने दोन खिडक्या उघडल्या. तो गावरिलो नव्हे. वीस वर्षं व्हिनेगरवर भागवणारा माणूस रविवारी शहाणपण विसरत नाही. खिडक्या उघडून चोर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला, मान वाचवायला. म्हणून दार त्याच्यावर आपटलं. ती स्लावेन्का नव्हे. ती आतच उभी राहिली असती, वजनं ठेवून, गाणं गुणगुणत. तो पक्का इथलाच माणूस होता. जन्मात कधी दोन खिडक्या एकदम न उघडल्याने वारा कागदाचं आणि दाराचं काय करतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

एवढ्यावरही नाव कळत होतं. पण पेर्सिदाला कारण हवं होतं, कारण कारणाशिवाय चूक ही चूक नसते, अपघात असतो.

इमारतीचा नकाशा दुसऱ्या कार्यालयाला विकायचा असता तर चोराने कॉपी नेली असती आणि मूळ कागद जागेवर ठेवला असता. कोणाला पत्ताही लागला नसता. याने उलटं केलं. कामाची ती कॉपी कार्यालयासाठी ठेवली आणि मूळ कागद नेला. म्हणजे इमारत बुडवायची नव्हती. मूळ कागदावर काहीतरी असं होतं जे मशीनच्या दिव्याला दिसत नाही.

आणि ते काय हे बेलग्रेडात एकाच बाईला माहीत होतं. तिने तो कागद चार महिन्यांपूर्वी उजेडासमोर धरला होता. जिन्याच्या जागी शाई ब्लेडने खरवडलेली होती. एकदा नव्हे, तीनदा. कागद तिथे कांद्याच्या पापुद्र्याएवढा उरला होता. कॉपीत यातलं काही उतरत नाही. तिथे रेघा आहेत किंवा नाहीत.

गावरिलोकडे तिहोमिरने पुठ्ठ्यावर काढलेली चित्रं होती, स्लावेन्काकडे पत्रं. वोयिनकडे पंधरा वर्षांची भांडणं होती आणि बाकी काही नाही.

पेर्सिदाला एकाएकी फार थंडी वाजली. चोर सापडला होता, पण तो हाती आला की त्याच्यामागून आणखी एक नाव यायचं होतं. तिने कॉपी गुंडाळली आणि उठली.

६

"सही हवी," ती वोयिनच्या टेबलावर कॉपी पसरत म्हणाली. "तू कालच करणार होतास ना? वाऱ्याने करू दिली नाही."

वोयिनने कॉपीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि नाटक न करता उठून खुंटीवरच्या कोटाखालून एक गुंडाळी काढली.

"दोन मिनिटं बाहेर थांबलो गं. दोनच मिनिटं. हा बगलेत होता, म्हटलं याला वारा नको लागायला. आणि धाड्! दारवानाकडे ठेवलेली स्तानाची किल्ली मागायला जायचं तर सांगणार काय? बगलेतल्या या गुंडाळीचं काय म्हणून सांगू?"

"सकाळपासून गप्प का बसलास? ती पोर रडतेय तिकडे."

"दोनच्या आत आणून ठेवणार होतो. तिची माफीही मागणार होतो. देवाशप्पथ." त्याने कागद खिडकीच्या काचेवर टेकवला, दोन्ही तळव्यांनी, जपून. "पण हातून सुटेना. बघ. तू तर पाहिलंच असशील. आधी त्याने आपला जिना काढला, मधोमध. खरवडला. पुन्हा तोच काढला. पुन्हा खरवडला. आणि मग हा. रेघ कशी थरथरली आहे बघ. माझा जिना, पेर्सा. त्याच्या हातचा. आणि मी चार महिने समजत होतो की डायरेक्टरने ठोकून बसवला." तो नाक ओढत हसला. "पन्नाशी उलटलेला माणूस मी. पंधरा वर्षं त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की वोयिन, तुझं बरोबर. एकदा. गप्पांत, शिव्या देऊन, कसंही. तो एक शब्द बोलला असता तर कशाला लावला असता मी या कागदाला हात?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. सकाळपासून पेर्सिदा तिघांना प्रश्न विचारत फिरली होती आणि एकानेही तिला उलट प्रश्न केला नव्हता, या वोयिनखेरीज. त्याला तिने खोटं उत्तर दिलं होतं.

"बोलले होते," ती म्हणाली.

वोयिनने मान वळवायचा प्रयत्न केला आणि कळ येऊन तो पुरता वळला.

"ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी. मी संत्रं सोलत होते. म्हणाले, वोयिनला सांग, जिना त्याचाच बरोबर होता. गाढवाला सांग की मी पंधरा वर्षं उगाच भांडलो, कारण भांडायला दुसरं कोणी त्या लायकीचं नव्हतं." तिचा आवाज फाटला. "गाढव त्यांचा शब्द आहे."

"चार महिने," वोयिन हळू म्हणाला. "चार महिने तू माझ्याशेजारी बसून कॉफी प्यायलीस."

"रोज सांगणार होते. रोज सकाळी ठरवून यायचे आणि रोज संध्याकाळी तो निरोप तसाच घरी परत न्यायचे. सांगितला की माझ्याकडे काय उरलं असतं? स्लावेन्काला पत्रं, गावरिलोला चित्रं. तो एवढाच माझ्यापाशी होता, वोयिन. दुसऱ्याच्या नावाचा होता, पण माझ्यापाशी होता."

वोयिन रागावेल, ओरडेल असं तिला वाटलं होतं, आणि त्याने ओरडावं असंही वाटत होतं. तो नुसता उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. तो ते वाक्य स्वतःशी म्हणून बघत होता, गाढवासकट. मग त्याने काचेवरून कागद उतरवला, नीट गुंडाळला आणि तिच्या हातात दिला.

"हा घेऊन जा. ट्रामने गेलीस तर वेळेत पोचशील. त्याचा खराच कागद जाऊ दे स्पर्धेला. मला आता नको."

"डायरेक्टरला काय सांगू?"

"मी सांगतो. आधी त्या पोरीची माफी मागतो, मग त्याला सांगतो. मिशीतलं हसूही काढून घेतो त्याचं."

पेर्सिदाने नऊ कागद नळीत सारले, झाकण बसवलं, कोटाची बटणं लावली. बटणं लागेनात. वोयिनने पुढे होऊन तिच्या गळ्यात स्वतःचा मफलर घातला आणि त्याची गाठ मारताना थांबला.

"पेर्सा. आणि तुला? तुला काय म्हणाला तो शेवटी?"

खिडकीपलीकडे नदी होती, तिच्यापलीकडे चिखलाचा तो तुकडा. पेर्सिदाने नळी काखेत धरली.

"मला?" ती म्हणाली. "मला म्हणाले, वोयिनला सांग."